साथीतली ढकलपत्रं: सोसायटीच्या ग्रुपवर नेमकं काय करायचं?

चिटणीस_कोथरूड

नमस्कार मंडळी. १४० सदनिकांच्या सोसायटीसाठी दोन पानी टिपण करायचं आहे. विषय एकच: साथ आली की ग्रुपवर येणारे औषधांचे, आदेशांचे आणि घबराटीचे पुढे ढकललेले संदेश (ढकलपत्रं) कसे हाताळायचे.

आत्ताच का? जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख तेद्रोस यांनी म्युनिकमध्ये ‘इन्फोडेमिक’चा, म्हणजे खऱ्या-खोट्या माहितीच्या साथीचा, इशारा दिला तो १५ फेब्रुवारी २०२० ला. कोविडला जागतिक साथ म्हणून जाहीर केलं ११ मार्चला. राज्यातले पहिले दोन रुग्ण आपल्या पुण्यात सापडले ९ मार्चला. तोवर चिकनमधून कोरोना होतो म्हणून कोंबडीचे भाव कोसळले होते. आजार गावात यायच्या आधी अफवा घरात आली होती. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा चिकनबद्दल पुन्हा तीच भीती पसरली. पुढच्या वेळी टिपण आधीच तयार हवं.

तीन प्रश्न आहेत. ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ करावा का? संदेश खरा की खोटा हे अर्ध्या तासात कसं ठरवायचं? आणि ज्येष्ठांना न दुखावता सांगायचं कसं?

---

जुना_बाजार

पहिल्याचं उत्तर: अजिबात नको. ग्रुप बंद केला की तेच संदेश खासगीत फिरतात, आणि तिथे खोडून काढणारं कोणी नसतं.

---

बारकाईने

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. जरा लांबेल.

आधी खुणा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात कायप्पाने (व्हॉट्सॲपने) ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एकावेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. पाच किंवा जास्त हात बदलून आलेल्या संदेशावर दोन बाण दिसतात. एप्रिल २०२० पासून असा संदेश एकावेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यामुळे अशी ढकलपत्रं ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं होतं.

पण कोणी मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला, तर खूण पुसली जाते. बाण दिसले नाहीत म्हणून संदेश पाठवणाऱ्याचा स्वतःचा आहे असं धरू नका. मजकुरातच ‘माझ्या मित्राच्या सख्ख्या भावाला’ असं असलं की तो बाणाविनाही ढकललेलाच असतो.

आता फोटो. अँड्रॉइडवर आलेल्या फोटोचं नाव बघा: आयएमजी-२०२१०४१८-डब्ल्यूए००२३. यातली तारीख तो फोटो या फोनवर आला त्या दिवसाची आहे, काढल्याची नाही. ‘बघा, फाईलवर कालचीच तारीख आहे’ असं सांगून जुने फोटो आजचे म्हणून खपतात. मूळ तारीख आणि ठिकाण कायप्पा काढून टाकतो, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. फोटोतच बघा: दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे, गाडीच्या नंबराची सुरुवात कुठल्या राज्याची आहे, माणसं स्वेटरमध्ये आहेत का, मास्क आहेत का. मग फोटो कापून फक्त पाटीचा तुकडा गुगल लेन्समध्ये टाका. पूर्ण फोटोने सापडत नाही ते तुकड्याने सापडतं. व्हिडिओ असेल तर थांबवून तीन-चार चौकटी घ्या: एक अगदी सुरुवातीची, एक पाटी असलेली, एक चेहरा स्पष्ट असलेली. शोधात सापडलेल्या सर्वांत जुन्या पानाची तारीख बघा. साथीच्या आधीची निघाली तर काम झालं.

सगळ्यात अवघड ऑडिओ क्लिप. आवाज शोधता येत नाही. त्यातली सलग दहा-बारा शब्दांची ओळ जशीच्या तशी लिहून काढा आणि मराठीत, हिंदीत दोन्हीकडे शोधा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय सांगितलेलं नाही ते ऐका. बोलणाऱ्याचं पूर्ण नाव नाही, वॉर्ड नाही, तारीख नाही, आणि ‘सगळ्यांना पाठवा’ मात्र आहे. रुग्णालयाचं नाव घेतलं असेल तर त्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करा. क्लिपसोबत आलेल्या नंबरवर नाही.

---

नदीकाठ

@बारकाईने, फाईलच्या नावाचं हे ठाऊक नव्हतं. धागा वाचनखूण करून ठेवला.

---

टेबल_क्रमांक_चार

सरकारी आदेशांची भर घालतो.

राज्याच्या शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात अठरा आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो संकेतांक राज्याच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत उघडते. उघडली नाही तर ते पत्र ग्रुपवर टाकू नये. महापालिकेच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर असा संकेतांक असेलच असं नाही. तिथे जावक क्रमांक, तारीख, ‘संदर्भ’खालची आधीच्या आदेशांची यादी आणि सहीखालचं पदनाम बघा.

पूर्ण बनावट आदेशांपेक्षा त्रास जास्त देतो तो खरा पण जुना कागद. पुणे-पिंपरीत १३ जुलै २०२० च्या मध्यरात्रीपासून २३ जुलैपर्यंत कडक टाळेबंदी होती. असा आदेश वरची दोन इंच पट्टी कापून पुढच्या वर्षी फिरवला तर सही खरी, शिक्का खरा, भाषा खरी, आणि बातमी साफ खोटी. पहिलं पान नाही, जावक क्रमांक दिसत नाही, कडा सरळ कापलेली आहे, एवढं पुरे आहे थांबायला. वार आणि तारीख जुळते का तेही बघा. बनावट पत्र करणारे कॅलेंडर उघडत नाहीत.

---

लॅबवाली

औषधांचे संदेश मी घेते. सगळे नाही, ज्यांनी खरोखर जीव धोक्यात घातले तेवढेच.

एप्रिल २०२१ मधली पोटली: कापूर, ओवा, लवंग, दोन थेंब निलगिरी, सुती फडक्यात बांधून हुंगायची म्हणजे ऑक्सिजन वाढतो. हुंगल्यावर बरं वाटतं हे खरं आहे. कापूर आणि निलगिरीच्या वासाने नाकातले थंडावा जाणवणारे मज्जातंतू चेतवले जातात आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. हवेचा मार्ग मात्र तेवढाच राहतो आणि रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. धोका त्या ‘बरं वाटण्यात’ आहे. ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ९५ वरून ९१ वर उतरत असताना माणूस पोटली हुंगत घरी बसतो. शिवाय कापराची वडी लहान मुलाने गिळली तर झटके येऊ शकतात. ती उशाशी ठेवायची वस्तू नाही.

दुसरा संदेश नेब्युलायझरचा: सिलिंडर मिळत नसेल तर नेब्युलायझर लावा. तो पंप खोलीतलीच हवा फेकतो आणि तिच्यात २१ टक्केच ऑक्सिजन असतो. नाकातल्या नळीने मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन दिला तर श्वासात साधारण ४० टक्के जातो. हा फरक सांगितला की लोकांना पटतं. नुसतं ‘खोटं आहे’ म्हटलं तर पटत नाही.

ऑक्सिमीटरबद्दल दोन्ही बाजूंनी अफवा होत्या. ‘पेन्सिलीलाही ९८ दाखवतो, म्हणून सगळं थोतांड’ ही एक, आणि ‘मोबाईल ॲपने बोट ठेवून मोजा’ ही दुसरी. खरा ऑक्सिमीटर दोन प्रकाश वापरतो, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, आणि नाडीच्या ठोक्यागणिक दोन्ही किती शोषले जातात ते मोजतो. म्हणून खात्री करायची ती नाडीवरून. मनगटावर ६० सेकंद ठोके मोजा, यंत्रावरच्या आकड्याशी जुळले तर ऑक्सिजनचा आकडाही बहुधा विश्वासाचा. पाच मिनिटं शांत बसा, हात कोमट असू द्या, नखावरचा रंग काढा, पहिला दिसणारा आकडा लिहू नका, एक मिनिट स्थिर राहिलेला लिहा. मोबाईलवर असे दोन प्रकाश नसतात, ते ॲप आकडा बनवून दाखवतं. वर बोटाच्या ठशाची परवानगी मागतं ते वेगळंच.

‘दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे फुप्फुस ठीक’ हेही टिपणात नावानिशी खोडा. लागण झालेला पंचविशीतला मुलगा सहज रोखतो. जुनाट दम्याच्या आजोबांना लागण नसतानाही जमत नाही.

---

मंडईकर

@लॅबवाली, माहिती उत्तम, पण एका गोष्टीला असहमत. घरगुती उपाय सरसकट अफवांच्या पंक्तीत बसवू नका. घसा खवखवत असताना गरम पाणी, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या यांनी आराम पडतो. आजीने केलेला काढा खोटा ठरवला की घरातली निम्मी माणसं तुमचं पुढचं काहीच ऐकत नाहीत.

---

लॅबवाली

@मंडईकर, बरोबर. टिपणात तीन भाग करा. आराम देणारं आणि निरुपद्रवी: गुळण्या, गरम पाणी. आराम देणारं पण मर्यादेत: वाफ आणि काढा. मुलांच्या हाताशी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून वाफ देणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण. काढ्याचंही तसंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तरी दिवसातून चार वेळा, महिनोन्‌महिने, असं कोणी सुचवत असेल तर थांबवायला हवं. तिसरा भाग थेट घातक: नाकात लिंबाचा रस, सॅनिटायझर पिणं, अंगावर हायपोक्लोराइट फवारणं.

तिसऱ्या भागात गंमत अजिबात नाही. दारूने विषाणू मरतो या अफवेपायी इराणमध्ये २०२० च्या वसंतात मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं गेली. आणि माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं केंद्राच्या आरोग्य खात्याने १८ एप्रिल २०२० लाच कळवलं होतं, तरी सोसायट्यांच्या दारात फवारणीचे बोगदे उभेच राहिले.

---

लिंबूटिंबू

लिंबू सरबतात घाला, नाकात नको. ही ओळ टिपणात हवीच. पाठ होते.

---

मंडईकर

तीन भाग पटले. आणि लिंबाची ओळही.

---

सांख्यिक

आकड्यांची अफवा वेगळी असते. तिच्यातला आकडा खरा असतो आणि अर्थ खोटा. ‘दवाखान्यात भरती झालेल्यांत बहुतेक लस घेतलेले, मग लस कशाला?’ हा त्यातला सर्वांत चिवट संदेश. टिपणात हे गणित घाला, आकडे समजण्यापुरते धरलेत:

वस्तीत १००० ज्येष्ठ. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. न घेतलेल्यांपैकी शेकडा १० भरती झाले म्हणजे १० जण. घेतलेल्यांपैकी शेकडा २ झाले म्हणजे १८ जण. वॉर्डात २८ माणसं, त्यातले १८ लस घेतलेले. बातमी ‘बहुतेक लस घेतलेले’ अशी होते, आणि ती खरीही असते. पण लस घेणाऱ्याचा धोका पाचपट कमी आहे. जितक्या जास्त लोकांनी लस घेतली, तितका वॉर्डातला त्यांचा वाटा वाढणारच.

सीटी व्हॅल्यूचंही (आरटीपीसीआर चाचणीत विषाणू कितव्या फेरीत सापडला तो आकडा) तसंच. आयसीएमआरने ३५ ही सीमा धरली होती. पण आकडा १८ आला म्हणून माणूस ‘गंभीर’ आणि ३० आला म्हणून ‘किरकोळ’ असं होत नाही. स्वॅब कसा घेतला, लक्षणांच्या कितव्या दिवशी घेतला, यावर तो हलतो. त्यावरून घरी औषधं ठरवणारे तक्ते फिरत होते, ते खोडा.

---

शनिवार_ते_रविवार

थोडं अवांतर, पण पुण्यात हा धागा निघाला आणि १८९७ आलं नाही असं कसं होईल.

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. प्लेगच्या नावाखाली तिथे माणसं मारतात, अंगातून तेल काढतात असल्या वावड्या होत्या. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लशीबद्दलच्या वावड्या थांबल्या नाहीत. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. तोच कायदा २०२० मध्ये वापरला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेऊ लागले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई १० मार्चला गेल्या.

तेल काढतात ही अफवा होती. देवघरापर्यंत बूट घालून येतात ही अफवा नव्हती. लोकांनी दुसरी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून पहिलीवर विश्वास ठेवला. चिटणीस, तुमच्या टिपणात हा भाग असायला हवा: अप्रिय बातमी म्हणजे अफवा नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन आणि खाटा कमी आहेत हे कोणी लिहिलं की ‘घबराट पसरवू नका’ म्हणून त्याला गप्प करणारेही ग्रुपवर होते. त्यांनी खऱ्या बातमीची वाट अडवली.

---

कलम_आणि_कागद

@शनिवार_ते_रविवार यांना जोरदार अनुमोदन, आणि त्याला कायद्याचा आधार आहे. ३० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की समाजमाध्यमांवर खाट, ऑक्सिजन, औषध मागणाऱ्या नागरिकांवर खोटी माहिती पसरवल्याचा ठपका ठेवून कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल.

दुसरीकडे, आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट उडवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ५०५ होतं, १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आलं.

आणि ॲडमिनच्या अटकेचं ढकलपत्र. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, दोघांचा आधीपासूनचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्यामुळे घाबरून ग्रुप बंद करू नका. ‘तीन निळ्या टिका म्हणजे सरकारने संदेश वाचला’ हाही बनाव. तिसरी टीक मुळात नाहीच.

---

सिलिंडर_नोंद

मदतीच्या संदेशांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ‘अमुक ठिकाणी १० खाटा उपलब्ध’ हा संदेश सकाळी खरा आणि दुपारी खोटा असतो. तो कोणी वाईट हेतूने पाठवत नाही, पण त्यापायी रुग्णाला रिक्षात घालून हडपसरहून औंधला नेलं जातं. अशा प्रत्येक संदेशात चार गोष्टी नसतील तर तो पुढे जाऊ नये: कोणी फोन लावून खात्री केली, किती वाजता, पलीकडे कोण बोललं, आणि काय अटीवर. खात्री झालेला संदेशही दोन तासांनी ग्रुपवरून ‘सर्वांसाठी’ काढून टाकायचा. खाट संपली हे कळलं की मूळ संदेशालाच उत्तर देऊन ‘संपली, ३:४०’ लिहायचं. नवीन संदेश टाकला तर जुना फिरतच राहतो.

फसवणूक ओळखायची ती पैशावरून. आधी अर्धे पैसे यूपीआयने मागितले की थांबा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. फसगत झाली तर लगेच १९३०. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो.

‘घरगुती ऑक्सिजन कॅन’च्या जाहिराती येतात. हिशोब करा. कॅनमध्ये १० लिटर, मिनिटाला ५ लिटर लागतो, म्हणजे दोन मिनिटं. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर. त्याच वेगाने तो साधारण २३ तास पुरतो, तोही पूर्ण भरलेला असेल आणि गळत नसेल तर. दीड घनमीटरचा लहान सिलिंडर पाच तास. हे तीन आकडे माहीत असलेला माणूस कॅनला फसत नाही.

---

बिबवेवाडी_ब्लॉक

लशीनंतर अंगाला चमचे चिकटतात, या नाशिकच्या व्हिडिओचं उत्तर कोणाकडे आहे? जून २०२१ चा तो. अजून अधूनमधून येतो.

---

प्रयोगवही

आहे, आणि ते घरी करून दाखवता येतं. दंडावर टाल्कम पावडर लावा. चमचा लगेच खाली पडतो. चिकटवणारा असतो तो घाम आणि त्वचेचा तेलकटपणा. चुंबकाला पावडरीने काही फरक पडला नसता. दुसरी खूण: चिकटणाऱ्या वस्तू गुळगुळीत आणि सपाट असतात. त्याच जागी लोखंडी खिळा उभा धरून बघा. तिसरी: डोस अर्धा मिलिलिटर. भांडं धरून ठेवेल एवढं चुंबक त्यात मावणारच नाही. अंनिसचे कार्यकर्ते हेच दाखवत होते. सोसायटीच्या सभेत दोन मिनिटांत होतं आणि मुलं आनंदाने करतात.

---

टाकी_साफ

जीबीएसचा उल्लेख आहे म्हणून पाण्याचं. तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत आपल्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. आधीच्या जंतुसंसर्गानंतर शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. म्हणून रुग्णाच्या घरावर बहिष्कार घालायला सांगणारे संदेश चूक. चिकन बंद करा हेही चूक. नीट शिजवलं की कॅम्पिलोबॅक्टर मरतो. चूक होते ती कच्चं चिकन नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत आणि त्याच सुरीने कोशिंबीर चिरण्यात.

‘नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोय, विष टाकलंय’ हा संदेश आला की भांडण न करता ओटी चाचणी करा. नळाचं पाणी नळीत घ्या, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका. फिकट पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला हवा. चाचणी आरओच्या आधीच्या नळावर करा, कारण आरओमधला कोळसा क्लोरीन काढून टाकतो आणि ‘पालिका क्लोरीन टाकतच नाही’ अशी उलटी अफवा तयार होते. टँकरचं पाणी असेल तर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत ओतायचं, तासभर वापर नाही. उघड्या डब्यातली पावडर महिन्याभरात निकामी होते, म्हणून ओटी करायचीच.

---

माळ्यावरची_ताई

तिसरा प्रश्न राहिला, आणि माझ्या मते सगळ्यात कठीण तोच आहे.

काळजी असते म्हणून काकू पुढे पाठवतात. त्या काळजीला आधी उत्तर द्या. भर ग्रुपमध्ये ‘हे खोटं आहे’ असं लाल अक्षरात टाकलं की काकू गप्प होतात, आणि उद्यापासून तेच संदेश तुम्हाला वगळून पाठवतात. आधी खासगीत फोन. ‘काकू, तो पाळीचा संदेश तुम्ही काळजीने टाकलात, कळलं मला. पण लस पाळीच्या पाच दिवस आधी-नंतरही घेता येते. प्रतिकारशक्ती रक्तासोबत वाहून जात नाही. तुम्हीच ग्रुपवर लिहाल का?’ त्यांनी स्वतः दुरुस्ती केली की ती सगळ्यांनी वाचलेली असते, आणि त्यांचा मानही राहतो. (हा संदेश २०२१ च्या १ मेच्या, १८ वर्षांवरच्या लसीकरणाच्या तोंडावर आला होता. नेमक्या मुलींना रोखणारा.)

लिहिताना खोटी ओळ आधी नको. पहिली ओळ खरी हवी, कारण सूचनेच्या पट्टीत तेवढीच दिसते. ‘लस घेतलेले दोन वर्षांत मरतात का? नाही’ असं लिहिलं तर लोक ‘मरतात’ एवढंच वाचतात. ‘नोबेलविजेते माँटॅनिये यांनी असं म्हटलेलंच नाही’ इथून सुरू करा. नोबेलवाल्यांच्या नावाचे संदेश थेट त्यांच्या संस्थेच्या पानावर तपासता येतात. होंजो यांच्या नावाने विषाणू मानवनिर्मित असल्याचं फिरलं, तेव्हा २७ एप्रिल २०२० ला क्योटो विद्यापीठाच्या पानावर त्यांचा स्वतःचा खुलासा आला होता.

आणि रिकामी जागा ठेवू नका. रोज रात्री ठरलेल्या वेळी एक संदेश. नवीन काही नसेल तर ‘आज नवीन आदेश नाही’ एवढाच. शांतता असली की तिथे ‘रात्री ११:४० ला हेलिकॉप्टरने फवारणी, बाहेर पडू नका’ येऊन बसतं.

---

बारकाईने

@माळ्यावरची_ताई, अगदी. आणि खोडताना कारणही नीट द्यावं. २२ मार्च २०२० ला ‘विषाणू १२ तास जगतो, संचारबंदी १४ तास, म्हणजे साखळी तुटली’ असं फिरलं. अनेकांनी नुसता ‘फेक’ शिक्का मारला. उत्तर हातात होतं: पाचच दिवस आधी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्लास्टिक आणि स्टीलवर तो ७२ तासांपर्यंत टिकलेला दिसला होता, आणि मुख्य म्हणजे तो रस्त्यावर नव्हे, माणसांत राहतो. केंद्र सरकारच्या पीआयबीच्या (पत्र सूचना कार्यालयाच्या) पडताळणीलाही संदेश पाठवता येतो, पण तिथून उत्तर येईपर्यंत ग्रुपला थांबायला सांगणारं आपल्यापैकीच कोणी हवं.

---

चिटणीस_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुप खुला राहील. दोन माणसं आळीपाळीने तपासणीला, एक फोटो-कागदाला, एक औषधाला. रोजच्या संदेशाचा मसुदा:

‘रात्री ९. आज महापालिकेचा नवीन आदेश नाही. ग्रुपवर आलेला कापराचा उपाय: ऑक्सिजन वाढत नाही, नाक मोकळं वाटतं. आकडा ९४ च्या खाली गेला तर घरी थांबू नका, डॉक्टरांना फोन, रुग्णवाहिका १०८. शंका असलेला संदेश आधी तपासणाऱ्यांना पाठवा, अर्ध्या तासात उत्तर मिळेल.’

चालेल का?

---

लॅबवाली

९४ सोबत ‘एक मिनिट स्थिर राहिलेला आकडा’ हे शब्द घाला. गार बोटाचा पहिला आकडा बघून रात्री दोनला धावाधाव होते.

---

टेबल_क्रमांक_चार

नुसतं ‘रात्री ९’ नको, पूर्ण तारीख लिहा, वारासकट, आणि संदेशाच्या शेवटी पुन्हा. वरची पट्टी कोणी कापली तरी खालची राहील.

---

चिटणीस_कोथरूड

दोन्ही बदल केले. अर्धा तास रात्री पाळता येणार नाही, म्हणून ‘सकाळी ७ ते रात्री १०’ असंही जोडलं. ओटीची बाटली उद्या आणतो.

---

टाकी_साफ

काळ्या काचेची घ्या. उन्हात ठेवू नका.